पटसंख्या

सत्राअखेरचा तक्ता भरायला बसले आहे.
बाहेर समुद्र गोठलेला, फेरी बंद,
जुनिपरच्या झुडपांवर मीठ साचलंय की बर्फ
ते चाखल्याशिवाय कळत नाही.
रकाना चौथा: सर्व विद्यार्थी उत्तीर्ण झाले काय?
मी लिहिते, होय.

खोटं नाही हे.
तार्तूला, तिसऱ्या मजल्यावरच्या थंड वर्गात
वाल्देक राउडसेप सरांनी फळ्याच्या कोपऱ्यात
एक रिकामं वर्तुळ काढलं होतं, आणि म्हणाले होते,
'सगळे' या शब्दाच्या पोटात एक 'जर' दडलेला असतो.
जर कोणी असेल, तर तो पास.
कोणीच नसेल, तर हरकत घ्यायला येणार कोण?

जुन्या लोकांना वाटायचं,
सगळे म्हटलं म्हणजे निदान एक तरी आलाच.
आडात असल्याशिवाय पोहऱ्यात येईल कुठून,
एवढा साधा त्यांचा हिशेब.
सर खडूची बोटं कोटाला पुसत हसले:
"या आडातलं सगळं पाणी गोड आहे,
हे कोरड्या आडाबद्दलही खरंच असतं."

रकाना पाचवा: सर्व विद्यार्थी अनुत्तीर्ण?
होय. त्याच शाईत.
सर्वांनी दुपारचं दूध संपवलं.
सर्वांचे डोळे निळे.
सर्वांना सात आठे छप्पन्न येतं.
सर्व विद्यार्थी सील आहेत, खडकावर ऊन खातात.
लिहीत गेलं तर पानं पुरायची नाहीत,
आणि एकही ओळ कुणाला खोडता यायची नाही.

मागच्या वर्षी केर्दलाच्या कचेरीतून पत्र आलं होतं.
निकाल शंभर टक्के, अभिनंदन.
शून्याला शून्याने भागून शंभर कसे आले
ते मी विचारलं नाही.
शेगडीची लाकडं त्या पत्रासोबतच मंजूर होतात.

संध्याकाळी लाइने येते, घसरगाडीवर धुरावलेली मासळी घेऊन.
मी चहा ठेवते. ती टोपी काढत नाही.
"काल्यूची सगळी पत्रं मी जपून ठेवलीत," म्हणते,
आणि बिस्किटांचा डबा उघडून दाखवते.
आत दालचिनीचा जुना वास.
काल्यू ट्रॉलरवर गेला तेव्हा ही शाळा भरत होती,
मागच्या बाकावर त्याने कोरलेला नांगर अजून आहे.
पत्र एकही आलं नाही.
लाइने खरं बोलते.
का खरं, ते तिला सांगणारी मी कोण.

काल्यू नाही.
इतकं छोटं वाक्य, आणि सर इथेच अडले होते.
नाव घेतलं की कुणाचं तरी घेतलं,
मग नाही म्हणायचं ते कुणाला?
फळा पुसून म्हणाले, पुढच्या मंगळवारी बघू.
पुढच्या मंगळवारी ते आले नाहीत.

लाइने गेल्यावर रजिस्टर उघडते.
हजेरी घ्यायची सवय मोडत नाही:
सगळे हजर, म्हणते मोठ्याने,
भिंतीवरचा नकाशा ऐकून घेतो.
'सगळे'कडून 'काही'कडे जायला
या बेटावरून फेरी सुटत नाही, एवढं मला कळतं.

तरी एखाद्या सकाळी यावं कुणीतरी,
ओल्या बुटांनी, नाक ओढत,
सात आठेला अडणारं,
फळ्यावर सीलचं चित्र काढताना मिशा विसरणारं.
माझा चौथा रकाना खोटा पाडायला
एकच नापास पोर पुरे.
खोटी पडायला मी तयार आहे,
शेगडी त्यासाठीच पेटती ठेवते, लाकडं संपत आली तरी.

रकाना अकरावा: शेरा.
शाई घट्ट झालीय, टाक तोंडाजवळ धरून ऊब देते.
लिहिते:
शिक्षिका, एक.
मग जरा थांबून, खाली, बारीक अक्षरात:
प्रत्यक्ष येऊन खात्री करावी.