मुरवण

डोमाजीच्या मॅटाडोरला सरकीचं तेल पाजायचं ठरलं,
तेव्हा मी लोणच्याच्या बरणीत तेल ओतलं
अन् नळ्यांचे चार तुकडे बुडवले.
झाकणावर खडूनं तारीख. पोळा नुकताच सरला होता.

दसऱ्याला उघडलं.
रबर फुगलेलं,
भिजल्या हरभऱ्यासारखं बोटाखाली दबणारं.
प्लास्टिक कडक; वाकवलं, तर कट्‌.
तांबं मात्र देखणं.
"हेच लाव ना बाप्पा," डोमाजी म्हणाला.
मी आतून काडी फिरवली.
हिरवट साय. पाकासारखी तार सुटली.
"तांबं तेलाशी बोलत राह्यते, डोमाजी,
अन् तेल आयकते."

चौथा तुकडा नागपूरचा, वीतभर.
टाकला तसाच निघाला.
भाव सांगितला, तर तो उठून
न पेटवलेली बिडी विझवायला बाहेर गेला.

घेतली शेवटी. सव्वादोन मीटर.
पुसाच्या थंडीत तेल तुपासारखं थिजतं,
म्हणून रेडिएटरच्या गरम नळीला लगटून बांधली,
वरून गोधडीची चिंधी,
एका पांघरुणातल्या दोघी बहिणी जशा.
"निघताना डिझल, मग तेल,
थांबायच्या आधी पुन्हा डिझल. इसरशीन नको."

विसरला.
साळ्याच्या लग्नात, देवळीला.
पहाटे दोन बैलांनी मॅटाडोर ओढत आणली,
वर वऱ्हाडी बसलेले, हसत.
नळीला काही झालं नव्हतं.

बरणी सातदा धुतली.
बायको तिच्यात लोणचं घालत नाही.
आता आत पाचवा तुकडा आहे,
झाकणावर कालची तारीख.