साडेचार व्होल्टवर

रबाळे एमआयडीसी, गाळा नंबर चौदा.
टेबलावर विंचची मोटर, खाडीच्या चिखलाने अजून ओली,
स्टुलावर दिवा गावचे मुकुंद तांडेल,
पिशवीत वळवळणाऱ्या निवट्या. ॲडव्हान्स समजा, म्हणाले.

ओहोटीला होडी चिखलात बसते.
आधी चौघे ओढायचे.
एक भाऊ गेला, एक मस्कतला क्रेनवर,
धाकटा ऐरोलीच्या डेटा सेंटरात रात्रपाळीचा वॉचमन.
उरले हे, आणि सून प्रणिता.
तिने मोबाइलवर बटण दाबावं, होडी वर यावी.
एवढंच काम.

मोटर चालली तर अठरा अँपियर.
रुतली तर नव्वद.
आणि कंट्रोलरच्या पायातून निघतात जेमतेम वीस मिलिअँपियर,
त्यात एक एलईडी पेटतो, तोही लाजत.
मध्ये कुणीतरी उभं हवं
ज्याला पुटपुटलेलं ऐकू येईल
आणि दोर सुटणार नाही.

खानविलकरांनी खालचा ड्रॉवर ओढला.
पत्र्याची टोपी घातलेला जुना तीन-शून्य-पंचावन्न,
"हा मरत नाही."
खरंय. पण दहा अँपियर सोडायचे
तर आधी दोन-तीन बेसवर ठेवा म्हणतो,
वजन ठेवल्याशिवाय फाईल न हलवणारा.
टिप एकशे बावीस थोडक्यात खूश,
पण दोन व्होल्ट वाटेतच खातो
आणि पाच अँपियरला हात वर.

म्हणून मी मॉसफेट लावला, आयआरएफ पाचशे चाळीस.
डेटाशीटच्या पहिल्या पानावर तीस अँपियरच्या वर.
पहिल्या पानावर सगळेच शूर असतात.
मोटर कण्हली.
सतराव्या सेकंदाला टपकन आवाज, धूर,
आणि तांडेल शांतपणे:
"आमच्याकडं चुलीवर असं झालं तर घास जातो. तुमच्याकडं?"
दोनशे रुपये, म्हटलं.

रात्री घणसोलीला, कुकरच्या शिट्ट्यांमध्ये,
तिसऱ्या पानावरचा आलेख वाचला.
हा दहा व्होल्टला पूर्ण उघडतो.
मी देत होते पाच.
बंद दार जळत नाही,
सताड उघडंही नाही,
जळतं ते अर्धवट लोटलेलं,
ज्यातून लोंढा जातोय आणि जे लोंढा अडवतंयही.

बघू, मी म्हणते.
खानविलकर दर दिवाळीला विचारतात, गाळा घेतेस का,
माझे गुडघे गेले.
बघू, सर.
तीन वर्षं.

नवा आला कुरिअरने, साडेचार व्होल्टवर पूर्ण उघडणारा,
तीन मिलिओहम. वीस अँपियरला सव्वा वॅट ताप, बस.
मोटरवर उलटा डायोड, बंद होताना ती मागे लाथ मारते म्हणून.
जाडजूड फ्यूज, माझ्यावर विश्वास नाही म्हणून.
आणि गेटपासून ग्राउंडला दहा हजार ओहम:
वरून कुणी काहीच सांगत नसेल
तेव्हा ठामपणे नाही म्हणायला.

मंगळवारी, ओहोटी पावणेपाचची.
प्रणिताने ओल्या बोटाने दाबलं, लागलं नाही,
पदराला पुसून पुन्हा दाबलं.
दोर ताणला, चिखलाने चुक्‌ केलं,
होडी वर आली, कसलाही समारंभ न करता.
तांडेल रिकाम्या हातांकडे बघत राहिले थोडा वेळ.

खानविलकर वाकले, गुडघा धरून,
हीटसिंकवर तळवा ठेवला.
कोमट, म्हणाले. चहाही नाही होणार.
मग काहीच विचारलं नाही.

मी वायर गुंडाळत होते.
"सर," म्हटलं, "डिपॉझिट किती आहे गाळ्याचं?"