ऐंशी पावलं

कांगासच्या दुकानात खिळे, पाइप, बर्फाची फावडी,
आणि मागच्या भिंतीला, रंगाच्या डब्यांशेजारी,
काडतुसं.
रायनो कांगास चष्मा कपाळावर ढकलून विचारतो, "कशासाठी?"
हरणासाठी, मी म्हणते. तीनशे आठ. नवी आहे.
डावखुरी आहे, हेही सांगून टाकते,
जणू काडतुसांना त्यानं काही फरक पडतो.

सतरा वर्षं शाळेची बस चालवतेय.
माझ्या हाताच्या बाजूला बोल्ट असलेली
ही पहिली वस्तू, तीही पूर्ण पैसे मोजून.
आणि आता ही एवढीशी डबी, वीस नगांची,
अडुसष्ट डॉलर!
नाकापेक्षा मोती जड.
रायनो हसतो. "हरीण डबीवरचं वाचत नाही, लेम्पी."

मी वाचते.
दीडशे ग्रेन. एकशे पासष्ट. एकशे ऐंशी.
तांब्याच्या आवरणात शिसं.
आवरणाला घट्ट जोडलेलं शिसं.
नुसतं तांबं.
प्रत्येक डबीवर एक नर, झाडासारखी शिंगं,
रक्त कुठेच नाही.

मला आठवते ती मादी होती.
दोन वर्षांपूर्वी, वडिलांच्या जुन्या बंदुकीनं.
वाकली, सावरली, सीडरच्या दलदलीत शिरली.
बॅटरी विझेपर्यंत मी थेंब शोधत होते,
एक पानावर, एक बर्फावर,
मग नुसतं काळं पाणी.
सकाळी डोमकावळ्यांनी जागा दाखवली.
मी कुणाला सांगितलं नाही.
रायनोला माहीत आहे. सरोवराच्या या काठावर
सगळ्यांना सगळं माहीत असतं.
म्हणूनच तो घाई करत नाही,
फडक्यानं काउंटर पुसत राहतो, जिथे आधीच पुसलाय तिथे.

तीन डब्या घेतल्या.

रविवारी खडीच्या खाणीत
तांदूळ भरलेले दोन लोकरी मोजे नळीखाली,
शंभर यार्डांवर पुठ्ठा.
तीन गोळ्या. मग नळी निवेपर्यंत कॉफी.
पुन्हा तीन.
सगळ्यांत स्वस्त डबीची तिन्ही भोकं
एका नाण्याखाली झाकली गेली.
मधली बरी.
तांबं मात्र तळहातभर पसरलं.
पुन्हा मारून पाहिलं, पुन्हा तळहात.
पुढच्या सीटवरचा टोइवो टोपी घालायला नाही म्हणतो,
कारण न देता,
तशी ही बंदूक.

खरं तर प्रश्न मिटला होता.
स्वस्त, आणि नेमकी. एक घाव दोन तुकडे.
पण माझं अर्धं मांस वरच्या रस्त्यावर सायमीकडे जातं,
तिची पोर आत्ताच चावायला शिकली आहे.
आणि दवाखान्याच्या भिंतीवरचा तो एक्स-रे मी पाहिलाय:
हरणाचा खांदा,
जखमेपासून वीतभर दूरसुद्धा शिसं,
पिठीसाखर भुरभुरावी तसं.

मग उठले. पुठ्ठा उपटला,
माझ्याकडून मोजून ऐंशी पावलांवर रोवला.
तांब्याची आणखी तीन.
आता अंड्याखाली झाकतील एवढीशी जागा.

हरणाची छाती जेवणाच्या ताटाएवढी.
वारा, थंड बोटं, माझा श्वास,
दोन वर्षांपूर्वीची ती रात्र,
हे सगळं त्या ताटात मावायला हवं.

दस्त्यावर पांढरी चिकटपट्टी लावली, पेननं लिहिलं: ८०.
म्हणजे ओढ्यापलीकडचा नर,
शिंगं झाडासारखी असली तरी,
जाऊ द्यायचा.
रायनोनं पट्टी पाहिली.
"अगं, तीनशेला मारते ती!"
मारत असेल, मी म्हटलं.
त्यानं उरलेल्या दोन डब्या परत घेतल्या नाहीत.
फोडलेल्या घेत नाही तो, कुणाच्याच.

पंधरा नोव्हेंबरला नऊ दिवस आहेत.
तांब्याची अकरा उरलीत.
दहा परत आणायची आहेत.