तीन युनिट

दोल्ना वर्बात एकूण एकोणसाठ मीटर.
माणसं सात, सहा घरांतून.
उरलेल्या दारांशीही मला जावंच लागतं,
कारण शून्यसुद्धा कुणीतरी समक्ष जाऊन वाचायचं असतं
असं कंपनीचं म्हणणं.

बस फाट्यावर सोडते. पुढे दोन किलोमीटर अक्रोडांखालून.
हातातली काठी कुत्र्यांसाठी होती.
आता कुत्रीही नाहीत. काठी सवयीची.

फाटकाफाटकावर मेलेल्यांचे कागद.
आमच्याकडे चिकटवतात ते: फोटो, नाव,
चाळीस दिवस झाले, सहा महिने झाले, वर्ष झालं.
स्तोयना जाऊन नऊ वर्षं झाली, हे सांगणारा कागद
पावसाने पिवळा पडूनही टिकलाय.
ज्याने तो चिकटवला
त्याचा शेजारच्या फाटकावर.

दारं उघडीच असतात. किंवा दारंच नसतात.
तांब्याची तार आधी जाते, मग शेगडीचं लोखंड,
मग कौलं, आणि कौलं गेली की
मातीच्या भिंती दोन हिवाळ्यांत गुडघे टेकतात.
चोरांना जे नको ते माझ्या वाट्याला येतं:
तळघरात आलुबुखारांच्या बरण्या, झाकणावर सन १९९८,
पलंगाखाली रबरी बूट, डाव्यात उंदराचं घरटं,
एका टेबलावर शाळेची वही.
एक हौद. पहिला नळ तो दहा तासांत भरतो,
दुसरा पंधरा. दोन्ही सोडले तर?
पोराने इथवर लिहून पेन खाली ठेवलेलं.
मी उभ्याउभ्या सोडवलं. सहा तास.
लिहिलं मात्र नाही.
दुसऱ्याच्या वहीत कसं लिहायचं?

या खेपेला पिशवीत यादी होती.
दोन वर्षं शून्य असलेली अकरा घरं, तार कापायची.
दुपारपर्यंत दहा झाली.
कापताना काही होत नाही. खटकन आवाज येतो,
कुठेतरी पारवा उडतो.

अकरावं त्सानोवांचं.
फाटकाला गेल्या मार्चचा लाल-पांढरा दोरा,
कुणी बांधला, विचारायचं सुचलं नाही.
मीटरची काच अंगठ्याने पुसली.
मागचा आकडा चार हजार चारशे सतरा.
आजचा चार हजार चारशे वीस.

तीन युनिट.
चोर वीज जाळत नाहीत, तार नेतात.
फ्रिज असता तर तीनवर थांबला नसता.
नऊ वॅटचा दिवा, रोज तीन तास,
एक अख्खा हिवाळा:
बसतो हिशेब.

आत गेले. ओसरी, पडवी, मागची खोली.
जाळी सगळीकडे, फक्त एका वाटेवर नाहीत.
खिडकीत दिवा, साधा, वायरला लोंबणारा,
आणि बटणाभोवती बोटांनी काळा पडलेला चुना.

‘मीच लावतो,’ मागून आवाज आला.
गेत्सो. समोरच्या घरातला. हातात कांद्याची जुडी.
‘संध्याकाळी येतो, लावतो, जेवतो,
निजायच्या आधी येऊन मालवतो.
समोर अंधार असला की घास उतरत नाही, बाई.’
बिल? ‘रोझालिना भरते, वालेन्सियाहून.
बँकेतून आपोआप जातं म्हणे.’
तिला माहीत आहे?
त्याने कांद्याचं एक सुकलं पातं तोडलं.
‘फोन करते नाताळला. विचारते, घर कसं आहे.
मी सांगतो, काल रात्री तर दिवा दिसत होता.
हसते. मग थोडा वेळ कुणीच बोलत नाही.’

मी चार हजार चारशे वीस लिहिलं.
यादीतल्या अकराव्या नावावर रेघ मारली.
दयाबिया काही नाही; नियमच तसा आहे,
शून्य नसेल तर कापता येत नाही.
त्याने दोन कांदे माझ्या पिशवीत टाकले,
पकडीच्या शेजारी.

बस उशिरा होती.
फाट्यावरून गाव खोल बशीसारखं दिसतं,
अंधार आधी तळाशी साचतो.
एकेक खिडकी लागत गेली.
सहा व्हायला हवी होती.
मोजली, सात.
पुन्हा मोजली.
ड्रायव्हरने हॉर्न दिला तेव्हा
माझं बोट अजून काचेवर पुसत असल्यासारखं
हवेतच होतं.