कैलासावरचा कापूस

अर्जात सातवा रकाना आहे : कामगार क्रमांक.
बाबांचा मला पाठ आहे, दोन हजार तीनशे अकरा,
डब्याच्या झाकणावर खिळ्याने कोरलेला.
आईचा कुठून आणू?

गोरव्यापलीकडच्या त्या वीजघरात ती एकदाच गेली,
तीही फाटकापर्यंत. बाबा चष्मा विसरले होते.
दरवानाने चष्मा आत नेला,
ही आल्या बसने परत आली.

बाबांचं काम बॉयलरच्या नळ्यांना पांघरूण घालायचं.
पिंपात पांढरी भुकटी, पाणी,
उकड मळावी तशी हाताने कालवायची
आणि तापल्या नळीवर लिंपायची.
जुनं पांघरूण मात्र कोरडंच निघे, छिन्नीने.
तेव्हा भर दुपारी दिवे लावत,
आणि शेजारी कोण आहे
ते खोकल्यावरून ओळखत.

संध्याकाळी दांडिया बाजारातल्या आमच्या जिन्यात
आई त्यांचा खाकी सदरा
दोन्ही खांद्यांना धरून झटकायची.
तीन झटके. मग विजार.
उन्हाची तिरीप असे त्या वेळी,
तिच्यात काहीतरी चमचमत राही, खालीच येत नसे.
मी टाळ्या वाजवत पकडायला धावे.
ती म्हणे, लांब हो, मळशील.

सत्त्याऐंशीच्या गणपतीत कैलास करायचं ठरलं.
कापूस महाग होता.
बाबांनी साहेबांना विचारून दोन पिशव्या आणल्या,
मऊ, पांढरं, आणि जळत नाही,
म्हणजे निरांजनाचीही काळजी नाही.
अख्खी गल्ली बर्फ बघायला आली.
नंदीच्या पाठीवर मी स्वतः भुरभुरवला,
फुंकर मारून सारखा केला.
मूर्ती सुरसागरात गेली.
बर्फ आईने केरसुणीने गोळा केला,
पुढच्या वर्षासाठी पिशवीत बांधून माळ्यावर ठेवला.

टोळीत सात जण होते.
कुंजप्पन केरळात परतला. वल्हं मारता मारता थांबतो,
पाण्याकडे बघत बसतो, असं त्याच्या मुलाने कळवलं.
ओडिशात बिपत मांझीला क्षयाचं औषध दिलं,
संपल्यावर पुन्हा तेच दिलं.
छाणीच्या रावजी सोलंकीच्या कागदावर कारण लिहिलं : विडी.
रावजी आयुष्यात विडीला शिवला नव्हता.
आणि हुकमसिंग तर अरवलीतल्या त्याच डोंगराकडचा
जिथून ही पोती भरून यायची.
तिथे त्याची बायको दगड फोडायची,
झोळीत मूल, मुलाच्या पापण्या पांढऱ्या.
बाकीच्यांची पत्रं आली नाहीत.

बाबा त्र्याऐंशीचे आहेत.
सयाजीबागेत सकाळी दोन बाकं गाठतात, तिसऱ्यावर बसतात.
लोक म्हणतात, काका नशीबवान.
बाबा त्या लोकांना टाळतात.

आईच्या छातीतून तिसऱ्यांदा पाणी काढलं
तेव्हा डॉक्टर पारेखांनी विचारलं,
"बेन कुठे कामाला होत्या?"
घरी.
"घरी म्हणजे काय करायच्या?"
स्वयंपाक. माझा अभ्यास. बाबांचे कपडे धुवायच्या.
डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.
बाबा त्या वेळी
आपल्या सदऱ्याच्या बाहीकडे बघत होते,
पांढरा, इस्त्रीचा, तिनेच धुतलेला शेवटचा.

मार्गशीर्षात ती गेली.
त्यानंतर बाबा घरात काहीच झटकत नाहीत.
चादरसुद्धा आतल्या बाजूला दुमडून
लेकरू उचलावं तशी न्हाणीघरात नेतात.

सातव्या रकान्याचं त्यांना सांगितलं तर म्हणाले,
माझाच नंबर लिही. माझ्याच नंबराने झालं ना.
लिहिला. अर्ज परत आला :
सदर क्रमांकाचा कामगार हयात आहे.

माळ्यावर ती पिशवी अजून आहे.
नगरपालिकेत फोन केला. पलीकडचा मुलगा भला होता,
म्हणाला, सुक्या कचऱ्यात टाका ना, ताई.

नायलॉनच्या दोरीची गाठ आहे तिला, आईची,
ओढली की घट्ट होणारी.
शिडी लावून मी दोनदा वर गेले.
दोनदा श्वास रोखून खाली आले.