पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी

घणसोली, सेक्टर सात. गच्चीचा जिना अरुंद.
डॉक्टर अकेलो पुढे, मागे मी –
पळी, टॉर्च, काचेच्या कुप्या.
वॉचमन विचारतो, "मॅडम अकेलीच आली?"
मी हसू दाबत त्यांना अर्थ सांगते.
त्या म्हणतात, आमच्या लांगो भाषेत
जुळ्यांच्या पाठीवर जन्मते ती अकेलो.
मग टाकीच्या कठड्याला टेकून, दम खात :
"जुळ्यांतला एक तापानं गेला."
एवढंच. पुढे पाण्याविषयी बोलत राहिल्या.

झाकण सरकवलं.
पाण्याच्या पाठीला पाठ लावून आडव्या निजलेल्या अळ्या
सावली पडताच खाली सटकल्या.
"नमस्कार," त्या म्हणाल्या, खरंच, मराठीत,
सोयरिकीच्या घरी पोचल्यासारख्या.
तीस वर्षं यांच्याच भावकीमागे फिरले मी,
भाताच्या पाणथळीत, गुरांच्या खुरांनी पडलेल्या खळग्यांत.
आमचे डास रानातले. तुमचा हा जिने चढतो.
आता आमच्या शहरांतही उतरलाय.

कसा गेला?
त्यांनी उरणच्या दिशेला हात केला,
बंदराच्या क्रेन इथून दिसत नाहीत तरी.
"जहाजातून, कदाचित. कुणी पाहिलं नाही."
मला उगाच ओशाळल्यासारखं झालं,
आपल्या पोरानं शेजाऱ्याची काच फोडावी तसं.

अनुदान तीनदा नाकारलं गेलं,
हे त्यांनी पळी बुडवता बुडवता सांगितलं.
चौथ्यांदा मिळालं तेव्हा वीज गेलेली.
डासांच्या पिंजऱ्यांवर ओले पंचे टाकत
दोन रात्री जागल्या. ज्यांनी भाऊ नेला
त्यांच्याच उशाशी.

बावीस वर्षं मी कंत्राटावर टाक्या बघते.
अळी आहे, अळी नाही. रकाने दोनच.
कुठली, कशी, कुणाला दिसली,
ते लिहायला जागा नाही.

कुपीत स्पिरिट, स्पिरिटमध्ये अळ्या,
आणि सोबत बोटाच्या पेराएवढी चिठ्ठी.
शाई विरघळते, म्हणून पेन्सिल.
ठिकाण. तारीख. मजला : आठवा.
मग चष्म्यावरून बघत, "गोळा कुणी केल्या? पूर्ण नाव?"
हजेरीपटावर मी नुसती डी. मढवी.
द्वारका, म्हटलं. द्वारका गजानन मढवी.
'द्वा' त्यांच्या जिभेवर बसेना.
दोनदा हसल्या, मग पेन्सिलच माझ्या हातात दिली.
मी आपल्या अक्षरांत लिहिलं. चालेल?
"स्पिरिटात टिकलं की झालं."

टाकीत औषध टाकलं, खाली उतरलो.
पाचव्या मजल्यावरून मी परत वर गेले,
झाकण नीट बसलंय का बघायला.