अकरा मिनिटं

वेदांगी फोनवर म्हणाली, आई, काळजी करू नको,
इथं सगळ्यांना इंग्रजी येतं.
मला येतं का, हे तिनं विचारलं नाही.
एकतीस वर्षं खानापूरच्या शाळेत मी
डायरेक्ट स्पीचचं इनडायरेक्ट करून घेतलं,
पण त्या भाषेत कधी कुणाला
संडास कुठं आहे असं विचारलेलं नाही.

जेवणाच्या टेबलावर नकाशा. कोपरे दाबायला
लोणच्याची बरणी, चष्म्याचं घर, कस्तुरीची पर्स.
कस्तुरी पट्टणशेट्टी, भिंतीपलीकडची.
माझ्याशी मराठीत भांडते, पैसे कन्नडात मोजते,
गुडघा धरला की दोन्हीकडच्या देवांना हाक मारते.
मी एकटी कशी जाऊ म्हटल्यावर
तिनंच आधी पासपोर्ट काढला.

ब्रसेल्सला उतरायचं, आखेनला पोचायचं,
मध्ये लिएझला गाडी बदलायची.
बदलायला अकरा मिनिटं.

"सरहद्द आली की कळतंय काय?" कस्तुरी विचारते.
वेदांगी म्हणते, काही नाही हो मावशी,
ना फाटक ना पोलीस,
नुसती गाडीतल्या सूचनेची भाषा बदलते
आणि मोबाईल किणकिणतो.
"म्हणजे आपली कोगनोळीच," कस्तुरी म्हणाली,
"टोल तेवढा वाचला."

मंगळवारी रात्री तिकीट काढायला बसले
तर लिएझ सापडेना.
जर्मन वेळापत्रकात त्या जागी ल्युटिख,
दुसरीकडे कुठं लुईक.
वाटलं, गाडी चुकली, देश चुकला, पैसे गेले.
साडेअकराला भिंतीवर वाटी वाजवली.
कस्तुरी केस मोकळेच ठेवून आली,
तिन्ही नावांवरून बोट फिरवलं, जांभई दिली.
"एकच गाव असतंय की गे ते.
आपलं नाही काय?"

आपलं.
खडेबाजारात बेळगाव, बसच्या कपाळावर बेळगावी,
वडिलांच्या मॅट्रिकच्या दाखल्यावर साहेबी बेलगाम.
स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर एक ओळ देवनागरी,
पण ती हिंदीची. मला माझी वाटते, एवढंच.
एका वर्षी या नावावर डांबर, एका वर्षी त्या,
आणि लग्नपत्रिका सगळ्या वेळेवर.
हे मी वर्गात कधी शिकवलं नाही.
एवढा वेळ त्या तीन नावांकडे बघत बसले
आणि मला, मला! ते दिसलं नाही.

तिकीट काढलं. कस्तुरी म्हणाली, अकरा मिनिटांत
माझ्या गुडघ्यानं जिना होणार काय, ते बघूया आधी.
म्हणून रविवारी दोघी स्टेशनवर.
दोन बॅगा, प्रत्येकीत दहा किलो तांदूळ,
दोन प्लॅटफॉर्म तिकिटं.
लिफ्ट होती. ती नको म्हणाली,
तिकडची बंद असली तर?
एक नंबरवरून पूल चढून पलीकडं.
मधल्या पायरीवर ती बसली. मी घड्याळ धरून उभी.
खालून मालगाडी गेली, संपता संपेना,
त्यातली दोन मिनिटं कुणाच्या हिशेबात धरायची
यावर आमचं थोडं वाजलं.

नऊ मिनिटं चाळीस सेकंद.

घाम पुसत बाकावर टेकलो.
एक हमाल बॅगांकडे बघून थांबला.
"कुठं जायचं, मावशी?"
दमले होते, विचार न करता तोंडातून निघालं: "लिएझ."
"मिरज? मग इथं काय बसलाय? ती एक नंबरला लागते.
चला, उचला, पाच मिनिटं आहेत."
आणि त्यानं तांदूळ डोक्यावर घेतलासुद्धा.

कस्तुरी हसता हसता बाकावरून घसरली.
गुडघा धरून, डोळे पुसत म्हणाली,
"वही काढ गे. लिहून ठेव.
चौथं नाव."